यूएसबी इंटरफेसवर आवाज मध्येच तुटतोय? आधी टक् कधी येतं ते बघा

मस्त टेक चाललेला असतो आणि मध्येच टक्, नाहीतर पाव सेकंद आवाजच गायब, मग आपण लगेच इंटरफेस (माइक, गिटार लॅपटॉपला जोडतो तो डबा) खराब निघाला म्हणून नवीन शोधायला लागतो. थांबा जरा. बहुतेक वेळा इंटरफेस बिचारा बरोबर असतो, गडबड लॅपटॉपच्या आत नाहीतर वायरीत असते.

पहिली गोष्ट, काहीही सेटिंग बदलायच्या आधी तीच रेकॉर्डिंग दोनदा ऐका. टक् दोन्ही वेळा त्याच जागी आलं तर ते रेकॉर्ड होतानाच घुसलंय, वेव्हफॉर्म झूम करून बघा, रेघ एकदम तुटलेली किंवा उडी मारलेली दिसेल. दुसऱ्यांदा वेगळ्या जागी आलं तर रेकॉर्डिंग चांगलंय, फक्त वाजवताना तुटतंय. एवढं कळलं तरी अर्धी शोधाशोध वाचते, आणि हेच कोणी करत नाही.

आता हे होतं का? लॅपटॉप आवाज सलग पाठवत नाही, छोट्या छोट्या तुकड्यांत पाठवतो, त्या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८००० मोजमापं, एकेक मोजमाप म्हणजे सॅम्पल) २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद, तेवढ्यात पुढचा तुकडा तयार पाहिजे म्हणजे पाहिजेच, नाही झाला की टक्. म्हणून आधी बफर ५१२ किंवा १०२४ करून बघा. गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येईल, त्यासाठी इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनला) चालू करा आणि सॉफ्टवेअरमधलं बंद, मग बफर मोठा असला तरी फरक पडत नाही. बफर वाढवून टक् कमी झालं तर प्रोसेसरवर लोड जास्त होता, जड प्लगिन (इफेक्ट वगैरे) काढा नाहीतर ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे इफेक्टसकट आधीच तयार करून ठेवा. आणि १०२४ करूनही टक् तेवढंच राहिलं तर बफरच्या मागे लागू नका, कारण दुसरीकडे आहे.

विंडोजवर असाल तर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा असिओ (ASIO, आवाज कमी उशिराने नेणारा) ड्रायव्हर टाका आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. सॅम्पल रेटही सगळीकडे एकच ठेवा, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ४८००० आणि प्रोजेक्टमध्ये ४४१०० असं राहिलं की फुकटचा घोळ होतो.

माझ्याकडे एकदा बफर कितीही केला तरी टक् जात नव्हतं. शेवटी कागद घेऊन बसलो, एक साधा टोन लावून ठेवला आणि प्रत्येक टक् ची वेळ लिहीत गेलो. दर पंधरा-सोळा सेकंदांनी, घड्याळ लावल्यासारखं. प्रोसेसरचा लोड असा ठरलेल्या वेळाने येत नाही ना, म्हणजे लॅपटॉपमधलं काहीतरी ठरावीक वेळाने उठून काम करत होतं. लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर (विंडोजवरचं, कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतोय ते दाखवणारं) दहा मिनिटं चालू ठेवलं तर ड्रायव्हरच्या यादीत सगळ्यात वर एसीपीआयचा ड्रायव्हर, म्हणजे वीज आणि बॅटरीचं काम बघणारा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीज खाली जाऊन एसीपीआय बॅटरी डिसेबल केली, टक् गायब. (चार्जर लावूनच करा, बॅटरीची टक्केवारी दिसेनाशी होते, काम झालं की परत एनेबल करायला विसरू नका.) तुमच्याकडे यादीत वर वायफायचा नाहीतर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर येऊ शकतो. वायफायची टेस्ट तर सोपीच आहे, बंद करा आणि पाच मिनिटं ऐका.

मग पॉवरची सेटिंग. लॅपटॉप वीज वाचवायला बघतो आणि त्यात यूएसबीचा बळी जातो. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवायला डिव्हाइस बंद करण्याची टिक काढा, चार्जर लावून ठेवा. काही नव्या लॅपटॉपमध्ये यातला एखादा पर्याय दिसतच नाही, नसेल तर पुढे चला.

आता केबल, आणि इथे सगळे फसतात. हीच केबल हार्डडिस्कला लावली तर फाईल नीट कॉपी होते, मग केबल चांगली, असं वाटतं. पण फाईल कॉपी होताना एखादं पॅकेट बिघडलं तर यूएसबी ते परत पाठवतो, आपल्याला कळतही नाही. आवाजाचं तसं नाही, तो आयसोक्रोनस पद्धतीने जातो, वेळ पाळायची म्हणून बिघडलेलं पॅकेट परत मागतच नाहीत, गेलं ते गेलं. म्हणून कॉपीच्या टेस्टवर विश्वास ठेवू नका, आखूड आणि चांगली दुसरी केबल लावून बघा, पोर्ट बदला, मध्ये यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) असेल तर काढून थेट लॅपटॉपला लावा. बिनअॅडॉप्टरचा हब असेल तर एका पोर्टची वीज सगळ्यांत वाटली जाते, यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो आणि त्यात ४८ व्होल्ट फँटम (कंडेन्सर माइकला इंटरफेसकडून मिळणारी वीज) चालू केलं की इंटरफेसची ओढ अजून वाढते. फँटम चालू केल्यावरच आवाज तुटत असेल तर वीज कमी पडतेय असं धरून चाला. हब लागतच असेल तर स्वतःचा अॅडॉप्टर असलेला घ्या.

मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये सॅम्पल रेट तपासा, आणि दोन डिव्हाइस जोडून अॅग्रिगेट (दोघांचं मिळून एक) केलं असेल तर एकाला क्लॉक सोर्स (वेळ ठरवणारा) करून दुसऱ्याला ड्रिफ्ट करेक्शन लावा, म्हणजे दुसरा मागेपुढे होत नाही. लिनक्सवर पाइपवायर (आवाज सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तर टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप (pw-top) चालवा, एररचा आकडा वाढत असेल तर क्वांटम, म्हणजे तिथला बफर, वाढवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला प्लीज, आणि प्रत्येक वेळी तोच टोन निदान दहा मिनिटं ऐका. चार गोष्टी एकदम बदलल्या की टक् गेलं तरी कशाने गेलं ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटनंतर परत आलं की पहिल्यापासून सुरुवात. एवढं सगळं करून दुसऱ्या लॅपटॉपवर, दुसऱ्या केबलनेही तसंच तुटत असेल, तर मात्र इंटरफेसच सर्व्हिसला द्या आणि सोबत टक् असलेली क्लिप आणि वेळांचा कागदही द्या, नाहीतर ते दोन मिनिटं लावून बघतात आणि काही प्रॉब्लेम नाही म्हणून परत पाठवतात.