अंधारात झटपट फोकस करणारी लेन्स
मोठं ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) म्हणजे वेगवान फोकस, हा समज खिशाला महागात पडतो. एफचा आकडा जितका लहान, तितकं हे छिद्र मोठं; एफ/१.८ ची लेन्स एफ/५.६ पेक्षा नऊ पटींहून जास्त प्रकाश आत घेते, हे खरं. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) फोकस करताना ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवतो, त्यामुळे फोटो एफ/४ ला काढला तरी त्या जादा प्रकाशाचा फायदा मिळतोच. पण आतली काच सरकवायची मोटरने! कॅननची ८५ मिमी एफ/१.२ एल तिची भलीमोठी काच हलवताना रेंगाळते. तिच्याहून कितीतरी स्वस्त असलेली ८५ मिमी एफ/१.८ यूएसएम चटकन फोकस पकडते. नाटकाच्या प्रयोगाला किंवा रात्रीच्या मिरवणुकीत मी तरी दुसरीच नेईन.

दुकानात लेन्स लख्ख उजेडातल्या काउंटरवर तपासू नका. कोपऱ्यातल्या अंधाऱ्या कपाटावर रोखा, मग हाताजवळच्या वस्तूवर, पुन्हा कपाटावर. किती वेळा मागेपुढे चाचपडते ते बघा. (दुकानदार वैतागेल, वैतागू दे.) फोकसचा मधला पॉइंटच निवडा, कारण बऱ्याच डीएसएलआरमध्ये तोच सर्वांत संवेदनशील असतो. आणि तो सपाट गालावर ठेवू नका. पापणी, चष्म्याची काडी, सदऱ्याची कॉलर, असा ठसठशीत काठ शोधा.