पुढच्या टप्प्यातील मेलानोमा आणि ऑस्ट्रेलियातील उपचार: नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या कुटुंबाला भाड्याचे घर, मुलांची शाळा आणि वाहनपरवाना यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु घरातील कोणाला मेलानोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा, बहुधा त्वचेचा कर्करोग) झाल्याचे निदान झाले आणि तो मूळ जागेवरून लसिकाग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) किंवा फुफ्फुस, यकृत, मेंदू अशा अवयवांत पसरल्याचे कळले, तर पुढे नेमके कोणाकडे जायचे हे सांगणारा सहसा सापडत नाही. सिडनीत बरीच वर्षे राहिल्यामुळे आणि ओळखीतील काही कुटुंबांसोबत रुग्णालयांत बसण्याची वेळ आल्यामुळे या बाबतीत जे समजले, ते येथे मांडत आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे कोणते औषध घ्यावे हे नव्हे, तर ते ठरवणाऱ्या योग्य माणसांपर्यंत कसे पोहोचावे, एवढाच या लेखनाचा विषय आहे.

आपल्याकडे गंभीर आजार म्हटला की "यातले सगळ्यांत मोठे डॉक्टर कोण?" हा पहिला प्रश्न असतो आणि लगोलग ओळखी काढायला सुरुवात होते. येथे त्या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही. मेलानोमाचे रुग्ण रोजच्या रोज पाहणारे केंद्र कोणते, आणि आपले प्रकरण त्या केंद्राच्या बहुशाखीय बैठकीत उपचार सुरू होण्यापूर्वी मांडले जाईल का, हे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरते. या बैठकीत शल्यविशारद, औषधोपचार करणारे कर्करोगतज्ज्ञ, रेडिएशनतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि मेलानोमा नर्स एकत्र बसून स्लाईड आणि स्कॅन पाहतात व उपचारांचा क्रम ठरवतात.

क्रमावर भर देण्याचे कारण असे की या आजारात अलीकडे सर्वांत मोठा बदल तेथेच झाला आहे. काखेत किंवा जांघेत गाठ हाताला लागली की "आधी ती काढून टाका, मग बाकीचे बघू" असे कोणालाही वाटते, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत डॉक्टरही तसेच करीत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'नाडिना' या चाचणीत लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेल्या, परंतु शस्त्रक्रियेने काढता येण्याजोग्या मेलानोमाचे ४२३ रुग्ण होते. त्यांपैकी एका गटाला आधी इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या, औषधांचे दोन डोस देऊन मग शस्त्रक्रिया केली, तर दुसऱ्या गटात आधी शस्त्रक्रिया करून नंतर औषध दिले. वर्षभरानंतर आजार न बळावता किंवा न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ८४ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे ५७ टक्के होते. गाठ एकदा काढून टाकली की ही संधी परत मिळत नाही. म्हणून कोणत्याही शल्यविशारदाने, मग तो कितीही नामांकित असो, थेट शस्त्रक्रियेची तारीख दिली, तर "आधी इम्युनोथेरपी देण्याचा विचार बैठकीत झाला आहे का?" एवढे अवश्य विचारावे. त्यात कोणाला राग येण्याजोगे काही नाही.

आजार दूरच्या अवयवांत गेला असला तरी हात टेकण्याचे दिवस राहिलेले नाहीत. हीच दोन औषधे एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते, असे 'चेकमेट ०६७' चाचणीच्या २०२४ मधील निष्कर्षांत दिसले. पूर्वी याच टप्प्यातील बहुतेकांच्या हाती एखादे वर्षही नसे. गाठीत ब्राफ या जनुकातील बदल आढळल्यास गोळ्यांचाही पर्याय असतो आणि त्या गोळ्या आजार झपाट्याने आटोक्यात आणतात. तरीही बहुतेक रुग्णांत इम्युनोथेरपी आधी आणि गोळ्या नंतर हा क्रम अधिक हिताचा ठरल्याचे 'ड्रीमसेक' या चाचणीत दिसले. अपवाद असतातच, आणि आपला रुग्ण अपवादात बसतो की नाही हे ओळखण्यासाठीच तर अनुभवी केंद्र हवे.

जगात मेलानोमाचे सर्वाधिक प्रमाण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन देशांत आहे, त्यामुळे येथे अशी केंद्रे आहेत हे आपले भाग्यच म्हणायचे. सिडनीत मेलानोमा इन्स्टिट्यूट ऑस्ट्रेलिया ही संस्था आहे. तिचे तत्कालीन सहसंचालक जॉर्जिना लाँग आणि रिचर्ड स्कोलियर यांना २०२४ चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा सन्मान मिळाला. वेस्टमेडच्या परिसरात राहणाऱ्या आपल्या मंडळींना वेस्टमेड रुग्णालय जवळ पडते. मेलबर्नमध्ये पीटर मॅकॅलम कर्करोग केंद्र आणि आल्फ्रेड रुग्णालयातील व्हिक्टोरियन मेलानोमा सर्व्हिस, तर ब्रिस्बेनमध्ये प्रिन्सेस अलेक्झांड्रा रुग्णालय ही ठिकाणे पहिल्या विचारात घेण्यासारखी आहेत. लहान गावात नोकरी लागलेल्यांनी घाबरू नये: पुष्कळदा आराखडा मोठ्या केंद्रात ठरतो, सलाईनमधून द्यायचे औषध जवळच्या रुग्णालयात मिळते आणि मधल्या भेटी व्हिडिओवर होतात. उपचारांसाठी लांबचा प्रवास करावा लागला तर प्रत्येक राज्याची प्रवासखर्चाची योजना असते. न्यू साउथ वेल्समध्ये तिला 'आयप्टास' म्हणतात. तिचा अर्ज रुग्णालयातील सोशल वर्करकडून भरून घ्यावा.

या केंद्रांपर्यंत जाण्याची वाट जीपीच्या, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यातून जाते. त्याच्या रेफरलशिवाय (शिफारसपत्राशिवाय) तज्ज्ञाकडे गेल्यास मेडिकेअरचा, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचा, तज्ज्ञभेटीचा परतावा मिळत नाही. येथे एक फरक लक्षात घ्यावा. चौकाचौकांत 'स्किन कॅन्सर क्लिनिक' अशी पाटी दिसते, पण तेथील बहुतेक डॉक्टर त्वचेच्या कर्करोगात रस घेतलेले जीपी असतात. संशयास्पद तीळ काढून तपासायला ते उत्तम. पसरलेल्या मेलानोमाचा उपचार हे त्यांचे काम नव्हे. जीपीने दिलेले रेफरल तज्ज्ञाच्या पहिल्या भेटीपासून साधारणपणे बारा महिने चालते, मात्र एका तज्ज्ञाने दुसऱ्याला दिलेले तीनच महिने चालते. उपचार दीर्घकाळ चालणार असल्यामुळे जीपीकडून बेमुदत रेफरल मागून घेणे सोयीचे पडते.

रेफरल हे दोन ओळींचे पत्र नसावे. मूळ गाठीची जाडी किती मिलिमीटर होती, तिच्यावर व्रण होता का, लसिकाग्रंथीची तपासणी झाली का, ब्राफची चाचणी झाली का, शेवटचा पेट स्कॅन आणि मेंदूचा एमआरआय कधी झाला, हे सर्व त्यात यावे. रुग्णाला संधिवात, सोरायसिस किंवा आतड्यांचा दाह यांसारखा प्रतिकारशक्तीशी निगडित आजार असेल, अथवा स्टिरॉइड चालू असेल, तर तेही ठळकपणे लिहिलेले असावे, कारण इम्युनोथेरपीचा निर्णय त्यावर फिरू शकतो. निदान भारतात झाले असेल तर नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. मूळ रुग्णालयातून स्लाईड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागवून घ्यावे, म्हणजे येथील पॅथॉलॉजिस्ट ते स्वतः पाहतील आणि जनुकीय चाचणीही त्यांवरच करता येईल. स्कॅनची सीडी हातातल्या सामानात ठेवावी.

आता ज्या मुद्द्याबद्दल आपल्या लोकांनी अधिक जागरूक राहायला हवे, तो मुद्दा. येथील जाहिरातींत मेलानोमा म्हणजे ऊन आणि गोरी कातडी असे समीकरण असते. सावळ्या वर्णाच्या माणसांत हा आजार दुर्मीळ असला तरी होतो तेव्हा बरेचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली किंवा तोंड, नाक, गुदद्वार यांच्या आतील अस्तरात होतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. भेगा, कुरूप, नखाला लागलेला मार असे समजून महिने निघून जातात, आणि म्हणून आपल्याकडचे रुग्ण पुष्कळदा उशिराच्या टप्प्यातच तज्ज्ञासमोर येतात. या प्रकारांत ब्राफमधील बदल कमी आणि किट या जनुकातील बदल तुलनेने अधिक आढळतो. इम्युनोथेरपीचा प्रतिसादही सरासरीने कमी मिळतो. वर दिलेले आकडे मुख्यतः गोऱ्या रुग्णांतील, उन्हामुळे होणाऱ्या मेलानोमाचे आहेत, हे म्हणूनच ध्यानात ठेवावे. पहिल्या भेटीत तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: तळपायाच्या किंवा अस्तराच्या मेलानोमाचे रुग्ण तुमच्याकडे नेहमी येतात का, केवळ ब्राफ न पाहता जनुकांची विस्तृत चाचणी करणार का, आणि या प्रकारासाठी सध्या एखादी क्लिनिकल ट्रायल चालू आहे का. ट्रायल म्हणजे "आपल्यावर प्रयोग करणार" अशी धास्ती घरातील वडीलधारी मंडळी घेतात. प्रत्यक्षात नवे औषध इतरांच्या आधी मिळण्याचा तो पुष्कळदा एकमेव मार्ग असतो, आणि त्यातून कधीही बाहेर पडता येते.

पैशांचा प्रश्न व्हिसावर अवलंबून आहे. नागरिक आणि कायम रहिवासी यांना मेडिकेअर असल्यामुळे सरकारी रुग्णालयातील उपचार मोफत होतात आणि पीबीएस या सरकारी अनुदानाच्या यादीतील महागडी औषधेही फार तर नाममात्र रकमेत मिळतात. कायम वास्तव्याचा अर्ज केलेल्या अनेकांनाही मेडिकेअर मिळू शकते, पण पालक-व्हिसाचा अर्ज त्यात धरला जात नाही. तात्पुरत्या कामाच्या व्हिसावरील कुटुंबे आणि विद्यार्थी खाजगी विम्यावर असतात, आणि त्यात आधीपासून असलेल्या आजारासाठी साधारणतः बारा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. काही देशांशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार आहे. भारत त्यांत नाही. भेटीला आलेल्या आईवडिलांना येथे निदान झाले, तर भावनेच्या भरात येथेच उपचार सुरू करण्यापूर्वी रुग्णालयाच्या बिलिंग विभागाकडून लेखी अंदाज घ्यावा. इम्युनोथेरपीचा खर्च साठवलेली पुंजी वर्षभरात संपवू शकतो. त्यांचा प्रवास सुरक्षित असेल तर येथील तज्ज्ञांचे लेखी मत घेऊन मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार करणे हा कमीपणाचा मार्ग नाही. मेंदूत गाठ किंवा रक्तस्राव असल्यास मात्र विमानाचे तिकीट काढण्याआधी डॉक्टरांची परवानगी हवीच.

खाजगीत गेल्यास लवकर वेळ मिळते, एवढे खरे. परंतु तेथे दिसणारे कर्करोगतज्ज्ञ बरेचदा सरकारी रुग्णालयातही बसतात, आणि गॅपची, म्हणजे फी आणि परतावा यांतील फरकाची, रक्कम दर भेटीला खिशातून जाते. पहिले मत खाजगीत आणि सलाईन सरकारी रुग्णालयात, अशी सांगड घालता येते का हे रिसेप्शनवर विचारायला संकोच करू नये.

दुभाष्याबद्दल मी आग्रही आहे. मुलगा किंवा सून इंग्रजी फाडफाड बोलते म्हणून दुभाषा नको, असे आपण म्हणतो. पश्चिम सिडनीतील एका ओपीडीत माझ्यासमोर घडलेली गोष्ट: डॉक्टरांनी आजींना शौचाबद्दल विचारले आणि आजींनी तोंड उघडण्यापूर्वीच मुलाने "सगळे ठीक आहे" असे सांगून टाकले. नर्सने फोनवर मराठी दुभाषी जोडून दिली, तेव्हा आजी म्हणाल्या, "चार दिवस पोट बिघडलंय हो, पण याला रजा काढावी लागेल म्हणून बोलले नाही." इम्युनोथेरपीमुळे आतड्यांना दाह झाला होता; त्याच दिवशी त्यांना दाखल करून स्टिरॉइड सुरू करावे लागले. दुभाष्याची सेवा रुग्णाला मोफत असते, आणि १३१ ४५० या राष्ट्रीय क्रमांकावरून ती डॉक्टरांनाही मागवता येते. "आईला कॅन्सरचे नाव सांगू नका" ही आपल्या घरांतील विनंती येथील डॉक्टर सहसा मान्य करीत नाहीत, कारण संमती रुग्णाने स्वतः समजून द्यायची असते. ते घरच्यांनी आधीच स्वीकारलेले बरे.

चांगले केंद्र ओळखण्याची माझी स्वतःची कसोटी म्हणजे तेथील मेलानोमा नर्स. तिचा थेट क्रमांक पहिल्याच भेटीत मिळाला पाहिजे आणि रात्री-अपरात्री काय करायचे हे कागदावर लिहून मिळाले पाहिजे. इम्युनोथेरपीत शरीराची प्रतिकारशक्ती निरोगी अवयवांवरही उलटू शकते: जुलाब, धाप, कावीळ, न थांबणारी डोकेदुखी, विलक्षण थकवा, आणि हे औषध थांबल्यानंतर कित्येक महिन्यांनीही सुरू होऊ शकते. त्यामुळे औषधाचे नाव असलेले कार्ड पाकिटात ठेवावे आणि इमर्जन्सीत पोहोचताच "केमो नाही, इम्युनोथेरपी चालू आहे" असे सांगावे, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

याच संदर्भात गुळवेलीचा उल्लेख करणे भाग आहे. आजाराची बातमी गावी पोहोचली की काढे, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल यांची पार्सले सुरू होतात, आणि ती प्रेमाने पाठवलेली असतात. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याचे रुग्ण भारतातील डॉक्टरांनीच नोंदवले आहेत, आणि हळदीच्या पूरक गोळ्यांबाबत ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना दिली आहे. यकृताच्या तपासणीतील आकडे वाढले, तर ते औषधामुळे की काढ्यामुळे हे कळेनासे होते आणि चालू उपचार विनाकारण थांबवावा लागतो. भाजीतल्या हळदीचा प्रश्न नाही. बाकी जे काही घेत असाल, त्या प्रत्येक डबीचा फोटो नर्सला दाखवावा.

केंद्र पसंत पडले नाही, किंवा पहिल्या औषधाने गुण आला नाही, तर दुसरे मत घेणे येथे नित्याचे आहे. त्यासाठी जीपीकडून नवे रेफरल घ्यावे आणि पहिल्या रुग्णालयाला पत्रे, पॅथॉलॉजी आणि स्कॅन नव्या ठिकाणी पाठवण्यास सांगावे. चालू उपचाराची तारीख मात्र त्या काळात चुकवू नये. पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांशी भेट ठरवली म्हणजे आशा संपली, असेही धरू नये. वेदना, झोप आणि भूक सांभाळण्यासाठी त्यांना येथे उपचार चालू असतानाच बोलावतात. घरी कोण काळजी घेणार, रजेचे कसे करायचे, अशा प्रश्नांसाठी कॅन्सर कौन्सिलचा १३ ११ २० हा क्रमांक आहे, आणि मेलानोमा पेशंट्स ऑस्ट्रेलिया ही रुग्णांची संस्था याच आजारातून गेलेल्या माणसांशी गाठ घालून देते.