पॅन-मास चॅलेंजची तयारी: आधी देणग्या, मग पेडल

मॅसॅच्युसेट्समधली पॅन-मास चॅलेंज ही देणग्यांसाठीची सायकलफेरी १९८० साली ३६ सायकलस्वारांनिशी सुरू झाली. ऑगस्टच्या पहिल्या वीकएंडला ती भरते आणि स्वारांनी गोळा केलेला डॉलर अन् डॉलर बॉस्टनच्या डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला जातो. नाव नोंदवतानाच किमान देणगीचा आकडा कबूल करावा लागतो. मुदतीत तो गाठला नाही, तर उरलेली रक्कम तुमच्याच क्रेडिट कार्डावर पडते. त्यामुळे सायकल पुसायच्या आधी देणग्यांच्या मागे लागा.

सगळ्यांना एकच मेल ढकलला की कोणीच मनावर घेत नाही. एकेकाला गाठून हिशेब सांगा: ‘स्टर्ब्रिज ते प्रॉव्हिन्सटाउन साधारण १९० मैल. मैलाला अर्धा डॉलर, म्हणजे ९५ देशील?’ त्याची कंपनी तेवढीच भर घालते का, तेही तेव्हाच विचारा. कंपनीच्या या भरीसाठीचा फॉर्म सहसा देणाऱ्यालाच भरावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो. भारतातल्या काका-मावशीकडे मागणार असाल, तर ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मिळणार नाही हे आधी सांगा.

पहिल्या दिवशी बोर्नपर्यंत सुमारे ११० मैल. दुसऱ्या दिवशी अंतर कमी, पण बूड दुखत असतं. म्हणून सराव शनिवार-रविवार लागोपाठ हवा. एप्रिलपासून लांबची फेरी आठवड्याला फार तर १० टक्क्यांनी वाढवा. जुलैच्या मध्यात ८० मैल झाले की पुरे. पॅडच्या शॉर्ट्सखाली चड्डी नको, शिवण घासून फोड येतात. दर तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदकं आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, सोबत मीठही.

पंक्चर झालं की घाईघाईत ट्यूब बदलतात आणि दोन मैलांवर पुन्हा थांबतात. जुन्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधा आणि टायरच्या आत त्याच जागी जपून बोट फिरवा. काच किंवा तार तिथेच रुतलेली असते. शेजारीशेजारी दोन भोकं दिसली तर काच शोधू नका: हवा कमी होती, ट्यूब रिमवर चिमटली. नवी ट्यूब किंचित फुगवूनच बसवा, आणि पूर्ण हवा भरण्याआधी टायर दोन्हीकडून दाबून ती कुठे अडकली नाही ना, ते पाहा. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) काडतुसाने भरलेलं चाक रातोरात मऊ पडतं, कारण तो वायू रबरातून लवकर झिरपतो. बोर्नच्या मुक्कामी तो सोडून द्या आणि पंपाने साधी हवा भरा.