ग्लास घ्यावा की बाटली?

बेळगावात हॉटेलात वाइन मागवताना मेनूकार्डावर आधी ग्लास किती मिलीचा ते बघा. बाटली ७५० मिलीची. १५० मिलीने ओतली तर पाच ग्लास, १२०ने सहा. तेवढ्याने ग्लासचा दर गुणा आणि बाटलीच्या दराशी ताडून पाहा. तिघे-चौघे असाल तर बहुतेक वेळा बाटलीच परवडते. एकटे असाल तर ग्लास ठीक, पण बाटली कधी फोडली ते वेटरला बिनधास्त विचारा. चार दिवसांपूर्वीची असेल तर सरळ नको म्हणा, उतरलेली असते. परदेशी बाटलीवर आयात शुल्काचा बोजा असतोच. त्यापेक्षा बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची नाहीतर नाशिकची शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन घ्या, थंडगार. झणझणीत मटणापुढे महागडी रेड उगीच कडवट लागते.