सतत हरताय? रग्बी लीगमधल्या या चुका टाळा

पुण्यात माझ्याकडे येणारी पोरं बहुतेक युनियनच्या (रग्बीचा दुसरा प्रकार) सेव्हन्समधून, म्हणजे सात-सात जणांच्या खेळातून येतात, काही कबड्डीतून. दोन सामने हरले की सगळ्यांची मागणी एकच, "सर, नवीन मूव्ह शिकवा," म्हणजे ठरवून खेळायची चाल. अरे, तीन टॅकल (समोरच्याने धरून अडवणं) होईस्तोवर चेंडू हातात टिकत नाही, मूव्ह कसली करताय?

माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे मैदानाच्या आपल्याच अर्ध्यात, दोघांनी धरलेलं असताना चेंडू मागे भिरकावणं. ऑफलोड म्हणतात त्याला. मोबाईलवर फार छान दिसतो. गेल्या पावसाळ्यात हडपसरकडे सराव सामना होता. काळी माती, बुटाला किलोभर चिखल आणि चेंडू साबणासारखा. आमच्या उजव्या सेंटरने (मागच्या फळीतला खेळाडू) पहिल्याच टॅकलला, स्वतःच्या २० मीटर रेषेजवळ, एका हाताने चेंडू सोडला. तो मागे कुणाच्या गुडघ्याला लागला आणि समोरच्यांनी उचलून थेट ट्राय केला, म्हणजे आमच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला. ४ गुण. दहा मिनिटांनी तोच पठ्ठ्या, तीच जागा.

मध्यंतरात म्हणाला, "सर, गॅप दिसला होता."

"दिसला ना. तिथे घ्यायला कोण होतं?"

गप्प.

लीगचं गणित साधं आहे. चेंडू हातात असताना तुम्हाला ६ टॅकल मिळतात आणि प्रत्येक टॅकलनंतर समोरच्यांना १० मीटर मागे पळावं लागतं. सगळे टॅकल नीट खेळलात तर त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात. चेंडू सोडलात की ते पळणं तुमच्या वाट्याला. म्हणून माझ्याकडे नियम आहे: दोन्ही हात मोकळे आणि आपला माणूस डोळ्यांनी दिसला, तरच ऑफलोड. नाहीतर मुकाट खाली पडा, उठा, पायाने चेंडू मागे सरकवा. सेव्हन्सवाले इथे हमखास गोंधळतात. पडल्या पडल्या चेंडू सोडून देतात, जणू मागून कुणी युनियनसारखं रक करायला, म्हणजे चेंडूवर झुंबड करून तो राखायला येणार आहे.

दुसरी चूक पाचव्या टॅकलनंतरची. आता काय, हे कुणालाच माहीत नसतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, मग कुणीतरी घाबरून पळतो, सहावा टॅकल होतो आणि चेंडू जिथे धरला तिथेच समोरच्यांच्या ताब्यात. कबड्डी खेळलेल्याला 'डू ऑर डाय' रेड सांगावी लागत नाही, मग हे का सांगावं लागतं? ही टॅकलची मर्यादा १९६०च्या दशकात आली, तेव्हा ४च होते. त्याआधी संघ चेंडू धरून बसत. तुम्हाला ती चैन नाही.

आमच्याकडे चौथ्या टॅकललाच डमी हाफ (टॅकलनंतर मागे सरकवलेला चेंडू उचलणारा) मोठ्याने "शेवटचा!" ओरडतो, म्हणजे किक मारणारा आधीच मागे जाऊन उभा राहतो. किक उंच आणि मैदानात. ४०/२० चा मोह नवख्यांनी धरू नये. आपल्या ४० मीटर रेषेमागून मारलेला चेंडू त्यांच्या २० च्या आत टप्पा खाऊन बाहेर गेला तर परत आपल्याला मिळतो, हे खरं. पण थेट बाहेर गेला तर जिथून मारला तिथेच त्यांना मिळतो.

बाकी किरकोळ. उभ्या उभ्या पास घेऊ नका, धावत या. आडवं पळू नका, तुम्ही काय प्रदक्षिणा घालताय? डमी हाफने चेंडू आधी उचलून मग विचार करत बसू नये. गर्दीत चेंडू एका काखेत धरणारा माझ्याकडे दहा पुश-अप्स काढतो.

शॉर्टकट विचारणाऱ्यांसाठी मैदानाच्या कोपऱ्यात माझी पाण्याची बादली असते. चेंडू त्यात बुडवायचा, ओला तसाच पास करायचा, पन्नास वेळा. पडला की मोजणी शून्यापासून. मूव्ह मागणारा तो सेंटर परवा सदतिसावर होता.