सर्पेंटाईन बेल्ट घरी बदलायचाय? मग पट्टा काढायच्या आधी एवढं करून ठेवा

मागच्या पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढताना आमच्या जुन्या गाडीचा पट्टा तुटला. बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टेअरिंग एकदम जड झालं आणि दोन वळणांत टेंपरेचरचा काटा वर जायला लागला, कारण आमच्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, पॉवर स्टेअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि वॉटर पंप असं सगळं त्या एकाच पट्ट्यावर चालतं. आई मागं बसलेली. गाडी लगेच बाजूला घेऊन बंद केली म्हणून इंजिन वाचलं. तेव्हापासून हा पट्टा मी स्वतः बघतो आणि स्वतः बदलतो, आणि खरं काम पट्टा काढायच्या आधीच असतं हे मला आता पक्कं कळलंय.

आधी आपल्या गाडीत हाच प्रकार आहे का ते बघा. मेकॅनिक लोक सरसकट फॅन बेल्ट म्हणतात, पण मारुती 800 सारख्या गाडीत अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करून, अल्टरनेटर सरकवून ताण द्यावा लागतो, तिथली पद्धत वेगळी. आपण बोलतोय तो सर्पेंटाईन बेल्ट, म्हणजे लांब, आतून उभ्या रेघांचा, सगळ्या पुल्यांमधून सापासारखा वळत जाणारा पट्टा, ज्याला स्प्रिंगचा ऑटोमॅटिक टेन्शनर ताणून धरतो. आणि प्लॅस्टिकच्या कव्हरच्या आत असतो तो टायमिंग बेल्ट, त्याला अंदाजाने हात लावू नका, त्याचा एक दात जरी चुकला तरी इंजिनचं टायमिंग बिघडतं.

मग पट्ट्याचा नंबर. इथं घाई करू नका. पट्ट्याच्या पाठीवर 6पीके1750 असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला 6 म्हणजे रेघा सहा, पीके म्हणजे त्या रेघांचा प्रकार आणि 1750 म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. मी पहिल्यांदा दुकानात फक्त मॉडेल आणि साल सांगितलं, पट्टा मिळाला तो एसी नसलेल्या गाडीचा, रेघा बरोबर पण लांबी कमी, आणि हे कळलं कधी तर जुना पट्टा कापून टाकल्यावर. सेकंडहँड गाडी असेल तर आधीच्या मालकाने एसीचा कॉम्प्रेसर काढून पट्टा छोटा टाकलेला असू शकतो, म्हणून पुस्तकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर दोन्ही बघा, न जुळल्यास आधी कारण शोधा. नंबर पुसला असेल तर जुना पट्टा घेऊनच दुकानात जा. जुना थोडा ताणलेला असतो, तेवढा फरक चालतो. आणि गाडी उघडी पडलेली असणार, त्यामुळं दुकानात जायला भावाची नाहीतर शेजाऱ्यांची ॲक्टिव्हा आधीच सांगून ठेवा, आणि रविवारी काम काढणार असाल तर सामान शनिवारीच आणा.

पट्टा नवा आणण्याआधी जुना का ओरडतोय ते पण बघा. इंजिन चालू असताना सैल बाही, ओढणी, गळ्यातली चेन, काही नको, लांबून स्प्रेच्या बाटलीने पट्ट्याच्या रेघांकडच्या बाजूवर थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर गायब झाला तर पुली सरळ रेषेत नाही, आणि आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण कमी नाहीतर पट्टा झिजलेला. पुली वाकडी असेल तर नवा पट्टा पण चार दिवसांत ओरडणारच. टेन्शनरचा हात पण बघा, तो इंजिन चालू असताना जवळपास स्थिर पाहिजे, थडथड उडत असेल तर टेन्शनर पण घ्यायच्या यादीत टाका. नवीन प्रकारच्या रबराला भेगा पडत नाहीत, टायरसारखं झिजतं, म्हणून भेगा नाहीत म्हणजे पट्टा चांगला असं समजू नका. आणि पट्ट्यावर ऑईल किंवा कूलंट दिसलं तर ती गळती आधी बंद करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पट्टा कुठून कुठं जातो त्याचा फोटो. बॉनेटखाली स्टिकर असतो पण आमच्या गाडीचा कधीच उडून गेलाय, म्हणून मी मोबाईलवर वरून, बाजूनं, खालून असे फोटो काढले आणि शिवाय कागदावर चित्र काढून प्रत्येक पुलीचं नाव लिहिलं. रेघांची बाजू रेघांच्या पुलीवर आणि सपाट पाठ गुळगुळीत पुलीवर, हे त्या चित्रातच लिहून ठेवा. टेन्शनर कुठल्या बाजूला फिरवला की पट्टा ढिला होतो ते पण बाणाने दाखवा, उलट बाजूला जोर लावला तर तो मोडू शकतो.

हत्यारांत लांब दांड्याचा पाना आणि टेन्शनरच्या मापाची गोटी (सॉकेट), काही टेन्शनरला चौकोनी भोक असतं, तिथं गोटी न लावता दांडाच बसतो, त्यामुळं आदल्या दिवशी एकदा लावून बघा, जागा किती अरुंद आहे ते तेव्हाच कळतं. बॅटरीचा मायनस काढायला 10 चा पाना. टॉर्च, हातमोजे. आमच्यासारखं इंजिन आडवं असेल तर बहुतेकदा पुढचं उजवं चाक काढावं लागतं, मग जमीन सपाट पाहिजे, मागच्या चाकाला दगड, हँडब्रेक, आणि जॅकच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, हे मी घरात पोरांना पण सांगतो.

काम सकाळी, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, चावी खिशात. एक माणूस जोडीला ठेवा, एकाने टेन्शनर दाबून धरायचा, दुसऱ्याने पट्टा सरकवायचा. पट्टा निघाला की नवा लगेच चढवू नका, प्रत्येक पुली हाताने फिरवा, खरखर लागली तर बेअरिंग गेलंय. नवा चढवल्यावर प्रत्येक पुलीवर सगळ्या रेघा बसल्यात का ते टॉर्च मारून बोटाने चाचपा, एक रेघ बाहेर राहिली तरी पट्टा फाटतो. जुना धड असेल तर तो, गोटी आणि ते चित्र एका पिशवीत घालून डिकीत ठेवा, आमची पिशवी आता तिथंच असते.