ईआरपीनेक्स्टमध्ये ‘रेकॉर्ड सापडत नाही’ अशी एरर आली तर काय करावं

महिनाअखेरीला बिलं चढवायला बसावं आणि ‘कुड नॉट फाइंड रो #४: आयटम कोड’ असा मेसेज येऊन सगळं काम अडावं, हे ईआरपीनेक्स्ट वापरणाऱ्यांना नवीन नाही. धंद्याचा हिशेब, बिलं आणि स्टॉक सांभाळणारं, मुंबईत तयार झालेलं हे सॉफ्टवेअर सहसा मारियाडीबी डेटाबेसवर चालतं. ग्राहक, माल, गोदाम, खातं अशा प्रत्येक नोंदीची ओळख त्यात ‘नेम’ नावाच्या रकान्यात असते. बिलाच्या ओळीत माल ओळखला जातो तो याच ओळखीवरून, म्हणजे की-वरून. ती मास्टरमध्ये, म्हणजे अशा नोंदींच्या मूळ यादीत, मिळाली नाही की बिल सेव्हच होत नाही.

अशा वेळी घाईघाईने त्याच नावाचा नवीन ग्राहक किंवा नवीन आयटम उघडून बिल पुढे ढकलू नका. येणं बाकी दोन ग्राहकांत विभागली जाते, स्टॉक दोन आयटमांत जातो आणि वर्षअखेरीला ताळमेळ लावणाऱ्याचे हाल होतात. आधी की का सापडत नाही ते शोधा.

१. मेसेज पूर्ण वाचा. कोणतं मास्टर, कोणती की आणि कितवी ओळ, हे तिन्ही त्यात लिहिलेलं असतं. की हाताने पुन्हा टाइप करू नका, मेसेजमधूनच कॉपी करा. मेसेज तुटक वाटला तर ‘एरर लॉग’ उघडा.

२. मास्टरमध्ये शोधा. यादीत दिसत नाही म्हणजे नोंद नाहीच, असं धरू नका. युजर परमिशन लावली असेल तर काही नोंदी तुम्हाला दिसत नाहीत. सगळे अधिकार असलेल्या ‘सिस्टिम मॅनेजर’च्या लॉगिनमधून एकदा बघून घ्या.

३. मिळतंजुळतं नाव सापडलं, तर अक्षर न् अक्षर ताडून बघा. गोंधळ बहुतेक वेळा इथेच असतो. एक्सेल ‘००१२५’ हा कोड उघडताना मुकाट्याने ‘१२५’ करतं. दोन शब्दांमध्ये दोनदा स्पेस पडलेली असते. गोदाम आणि खात्यांच्या नावापुढे कंपनीचं संक्षिप्त नाव लागतं, म्हणजे ‘स्टोअर्स - एबीसी’ अशी पूर्ण की असते. इम्पोर्टच्या, म्हणजे नोंदी एकदम चढवायच्या, फाइलमध्ये नुसतं ‘स्टोअर्स’ लिहिलं तर ती जुळणार नाही. ग्राहकांना सिरीजने क्रमांक देण्याचं सेटिंग असेल, तर इम्पोर्टच्या फाइलमध्ये नाव चालत नाही, तो क्रमांकच लागतो.

मराठीत नावं ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक खोच आहे. ‘ॲल्युमिनियम’मधला ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड एकच स्वतंत्र अक्षर देतात, काही ‘अ’वर चंद्र जोडतात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एक्सेलमध्ये ‘लेन’ हे फंक्शन लावून बघा: पहिल्या प्रकारात ११ येतात, दुसऱ्यात १२. आकडा वेगळा आला की चोर सापडलाच. आयटम कोड रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवावा आणि मराठी नाव ‘आयटम नेम’मध्ये लिहावं, हे मला म्हणूनच पटतं.

४. नोंद खरंच नसेल, तर ती गेली कुठे ते बघा. स्क्रीनवरून डिलीट केलेली नोंद ‘डिलीटेड डॉक्युमेंट’च्या यादीत मिळते आणि तिथून रिस्टोअर करता येते. नाव बदललं असेल, तर ‘रिनेम’ने सिस्टिममधले सगळे दुवे आपोआप बदलतात, पण तुमच्या एक्सेल फाइलमध्ये, वेबसाइटच्या जोडणीत किंवा जुन्या स्क्रिप्टमध्ये जुनंच नाव राहतं. तिथे जाऊन ते हातानेच बदलावं लागतं.

५. इम्पोर्ट करताना क्रम पाळा. आधी आयटम ग्रुप, मापाची एककं आणि गोदामं, मग आयटम. ग्राहक गट आणि टेरिटरी (विक्रीचे विभाग) झाल्यावर ग्राहक. बिलं सर्वात शेवटी.

६. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी झाल्याच असतील, तर रिनेमच्या खिडकीत विद्यमान नोंदीत मर्ज करण्याचा पर्याय असतो. मर्ज परत फिरवता येत नाही, त्यामुळे आधी बॅकअप घ्या.

७. कुणी थेट एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा, चालवून नोंद उडवली असेल, तर मामला गंभीर आहे. नोंदींमधले दुवे ईआरपीनेक्स्ट प्रोग्राममध्ये तपासतं. डेटाबेसमध्ये फॉरेन कीचं, म्हणजे जोडलेली नोंद उडवू न देणारं, कुलूप नसतं. स्क्रीनवरून डिलीट करताना ‘ही नोंद अमुक बिलाशी जोडलेली आहे’ म्हणून अडवणारा पहारा थेट एसक्यूएलला लागू होत नाही. जुना बॅकअप चालू साइटवर नव्हे, वेगळ्या टेस्ट साइटवर चढवा आणि हरवलेली नोंद तिथे बघून घ्या. मग चालू साइटवर बिलांच्या ओळींचं टेबल आयटमच्या टेबलाशी एसक्यूएलच्या ‘लेफ्ट जॉइन’ने जोडून, ज्यांना जोडीदार नाही अशा ओळींची यादी काढा. ही क्वेरी नुसती वाचते, काही बदलत नाही. यादीतला एकेक आयटम मूळ की जशीच्या तशी ठेवून, टेस्ट साइटवरची माहिती वापरून स्क्रीनवरूनच पुन्हा तयार करा. की तीच राहिली की जुनी बिलं आपोआप जुळतात, त्यांना हात लावावा लागत नाही.